घराचा हात

रविवारी सकाळी नऊ वाजता पालक येणार होते. पावणेनऊला जयपाल अण्णांनी फाटकापासून पाहणी सुरू केली. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी जमीन, मग यंत्रे, मग भिंती आणि सर्वांत शेवटी माणसे. पॉलिटेक्निकमधल्या वर्कशॉपच्या शिक्षकांनी लावलेली ही शिस्त पंचावन्न वर्षांत एकदाही मोडली नव्हती. कुपवाडच्या त्या कारखान्यातले पोलाद कातायचे अकराही लेथ पुसून लखलखत होते. जमिनीवरच्या पिवळ्या रेघा नव्याने रंगवल्या होत्या. नदीचे पाणी वर उपसणारे पंप ज्यांच्यावर फिरतात, ते पोलादी शाफ्ट लाकडी घोड्यांवर ओळीने मांडले होते.

माणसांपाशी आल्यावर मात्र पाहणी अडखळली.

"सातही जण आलेत, आजोबा," ब्राह्मी म्हणाली. "विश्वजित तर सातलाच आलाय. आई येणार म्हणून मशीनखालचं तेलसुद्धा त्यानंच पुसलं."

"आणि उद्या?"

उद्या सोमवार होता. जतचा विश्वजित, माणची प्रांजल आणि आणखी पाच जण यांना चाकणच्या एका कंपनीची पत्रे आली होती आणि सोमवारी सकाळी तिथे हजर व्हायचे होते. ब्राह्मीने पालकांना आमंत्रणे धाडली तेव्हा ती पत्रे आलेली नव्हती. आता आईबाप जो कारखाना बघायला येत होते, तोच मुले सोडून निघाली होती.

दिवाळीपासून नऊ जण आधीच गेले होते. त्यांना थांबवायचे म्हणून पगार दोनदा वाढवला, वसतिगृह बांधले, कॅरम आणला, वाढदिवसाला केक सुरू केला. मुले केक खाऊन गेली.

"गेलेल्या नऊ जणांना मी फोन केले होते," ब्राह्मी हळूच म्हणाली. "पगाराचं दोघांनीच सांगितलं. बाकीचे म्हणाले, तिकडं काम पुरं करू देतात. इथं शेवटचा कट आमच्या हातात येत नाही."

"तो घराचा हात आहे, ब्राह्मी. त्यावर चर्चा नको."

अण्णांनी हे रागाने म्हटले नाही. भिंत सरळ आहे हे जसे सांगावे, तसे म्हटले. कारखान्याची रीतच तशी होती. मुलांनी शाफ्ट कातत आणायचा आणि चार दशांश मिलिमीटर उरले की थांबायचे. मग तो शाफ्ट खिडकीखालच्या एक नंबरच्या लेथवर जाई आणि शेवटचा कट घरचे माणूस घेई. अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, एकोणऐंशी साली जैन बस्तीत जाऊन देवापुढे तसा नियम घेतला होता. तात्यांच्या मागे अण्णा त्या लेथवर उभे राहिले आणि आता अण्णांचा थोरला मुलगा भरतेश. पंचेचाळीस वर्षांत एकही शाफ्ट परत आला नव्हता. कोल्हापूरपासून सोलापूरपर्यंतची गिऱ्हाइके म्हणत, या मालाला घराचा हात आहे. अण्णांना आयुष्यात मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांहून ते वाक्य मोठे वाटे.

*

भरतेश फाटकापाशी उभा होता. पन्नाशीतच त्याच्या कमरेला पट्टा आला होता. शेजारी पुण्याहून मुद्दाम आलेला ‘अतिशय’ नावाचा त्याचा धाकटा भाऊ हातातल्या फोनवर काहीतरी बघत होता.

"दादा, शुक्रवारी आपलं ठरलंय," अतिशय म्हणाला. "उद्या ही सात गेली की फिनिशिंग बंद. आपण फक्त ओबडधोबड कातलेला माल चाकणला द्यायचा, पुढचं त्यांचे लोक करतील. उद्या दुपारीच तू सही करायचीस. तुझ्या कंबरेलासुद्धा सुट्टी."

"अण्णांनी सांगितलंय, उद्या कामावर कोण येतंय ते बघून ठरवायचं."

"कोण येणाराय? पत्रं आलीत, पिशव्या भरल्यात."

भरतेशचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. रोज तीस शाफ्ट, प्रत्येकावर तेच वाकून उभे राहणे. सुट्टी हा शब्द कानाला बरा वाटला आणि तो बरा वाटला याची त्याला लाज वाटली. आजोबांनी उभा केलेला हा कारखाना त्याच्या सहीने निम्मा होणार होता.

तेवढ्यात जतकडची जीप आली. विश्वजितचे वडील आप्पासो खांद्यावर घडी केलेली घोंगडी घेऊन उतरले आणि पाठोपाठ त्याची आई धोंडुबाई. माणहून प्रांजलची आजी बनुबाई आली. प्रांजलचे वडील मुंबईला कामाला असत. आणखी दहाबारा माणसे उतरली. भरतेशच्या आईने, चंदनबालाबाईंनी, बायकांना हळदीकुंकू, पुरुषांना गंध लावून आत घेतले. ब्राह्मीने वसतिगृह दाखवले, भोजनगृह दाखवले.

"सांच्याला सहालाच जेवान?" आप्पासोंनी भिंतीवरचे वेळापत्रक मुलाकडून वाचून घेतले होते.

"आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत आहे," चंदनबालाबाई म्हणाल्या.

"व्हय, पर मग राती ही पोरं काय खात्यात?"

"बिस्किटं," विश्वजित म्हणाला आणि मुले खो-खो हसली. चंदनबालाबाईही हसल्या, पण त्यांनी ब्राह्मीकडे पाहिले. ब्राह्मीने होकारार्थी मान हलवली.

मग सगळे कारखान्यात आले. धोंडुबाई तयार शाफ्टांच्या ओळीपाशी थांबल्या. एकावर त्यांनी बोट फिरवले. आरशासारख्या त्या पोलादात त्यांचे कुंकू लांबुळके दिसत होते.

"ह्यातला आमच्या इस्वजितनं केलेला कंचा?"

विश्वजित फडक्याला हात पुसू लागला.

"सांग की रं. एवढ्या लांबनं आलोय, तुज्या हातचं बघू दे की."

"आये, ह्यो मीच केलाय," विश्वजित म्हणाला. "शेवटचा कट सोडून."

"त्यो कोण करतंय?"

"भरतेशदादा."

"का? तुला येत न्हाई?"

"येतंय की."

"मग?"

"मी शाफ्टला अंघुळ घालून देती, मावशी," प्रांजल मागून म्हणाली, "पावडर दादा लावत्यात."

पुन्हा हसू उठले. भरतेशही हसला, आणि हसताना त्याच्या ध्यानात आले की अण्णा हसत नाहीत. ते पुढे आले होते.

"बाई, याला कारण आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "एकोणऐंशी साली आमचे साठ शाफ्ट परत आले. इथल्या लेथवरच्या एका टर्नरने मापात चूक केली होती. कारखाना बुडायची वेळ आली. तेव्हा माझ्या वडिलांनी देवापुढे नियम घेतला की घरच्या माणसाने शेवटचा हात फिरवल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही. आम्ही तो आजतागायत पाळला आहे. तुमच्या मुलावर अविश्वास नाही. परंतु एका माणसाची चूक साऱ्यांना भोवते, म्हणून ही काळजी."

धोंडुबाईंनी ते नीट ऐकून घेतले.

"आवं, आमच्यात धा वर्साच्या पोराच्या हातात कातर देत्यात. पयलं मेंढरू त्ये आसं कातरतंय, की त्ये मेंढरू आठ दिस कळपात तोंड दावत न्हाई. दुसऱ्या खेपंला बरं जमतंय. न्हाई दिली कातर, तर पोरगं मेंढरामागं ऱ्हाईल कशाला?"

"गप गं," आप्पासो म्हणाले. "ती मोठी माणसं हायती."

"मग मी कुटं बारकी म्हनलं त्यास्नी?"

*

चंदनबालाबाई बायकांच्या घोळक्यात होत्या, पण त्यांचे लक्ष धोंडुबाईंकडे नव्हते. त्या धनाजीकडे पाहत होत्या. चौसष्ट वर्षांचा धनाजी मिस्त्री, कारखान्यातला सर्वांत जुना टर्नर, सगळ्यांकडे पाठ करून एका लेथचा दांडा पुसत होता. तो दांडा आधीच स्वच्छ होता. "एका टर्नरने" हे शब्द उच्चारले गेले तेव्हापासून तो तेच करत होता.

"अहो, जरा टूलरूममध्ये येता?" त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

दार लोटून त्या म्हणाल्या, "ते साठ शाफ्ट कोणी बिघडवले?"

"हे आत्ता कशाला? धनाजीने. मी कधी कोणासमोर त्याचं नाव घेतलेलं नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या दिवशीच्या पाळीच्या तक्त्यावर एक नंबरच्या लेथपुढं धनाजीचंच नाव होतं. मुंबईहून आल्यावर मी स्वतः पाहिलं."

"तक्त्यावर होतं. लेथवर तो नव्हता. त्या दिवशी त्याची मंगल जन्मली. मामंजींनी त्याला मिरजेला धाडलं आणि त्याच्या जागी स्वतः उभे राहिले. ट्रक दारात थांबला होता. शाफ्ट गरम असतानाच त्यांनी मापून घेतले. गार झाल्यावर सगळे बारीक भरले."

अण्णा स्टुलावर बसले. पन्नास मिलिमीटरचे पोलाद, चाळीसेक अंशांची उष्णता. उत्तर बसल्या जागी निघाले. जेमतेम अडीच शतांश मिलिमीटर. परत आलेल्या खेपेवरचा शेरा त्यांना अजून पाठ होता, आणि त्यात हाच आकडा होता. कागदावर नाव दिसले म्हणून हे साधे गणित त्यांनी कधी मांडलेच नव्हते.

"तुला कसं ठाऊक?"

"तुम्ही तेव्हा मुंबईला होता. बस्तीत मामंजींबरोबर ताट घेऊन मीच गेले होते. मुनिमहाराजांसमोर म्हणाले, माझ्या हातून चूक झाली, आता जिवंत असेपर्यंत प्रत्येक शाफ्टचा शेवटचा कट मी घेईन आणि गार झाल्याशिवाय मापणार नाही. ते त्यांचं प्रायश्चित्त होतं. कामगारांवर पहारा नव्हता."

"आणि तू मला इतकी वर्षं बोलली नाहीस."

"आधी वाटलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल." चंदनबालाबाई म्हणाल्या. "नंतर कळलं, सांगितलेलं नाही. पण तोवर लोक घराच्या हाताचं कौतुक करायला लागले होते. मलाही ते गोड लागलं. भरतेश पहिल्यांदा त्या लेथवर उभा राहिला तेव्हा औक्षण मीच केलं. माझीही चूक आहेच. पण तुमच्या मनात धनाजीचं नाव आहे, हे मला आज कळलं. त्याला ते कधीपासून ठाऊक आहे, ते त्यालाच विचारा."

अण्णा उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "नियम ज्यानं घेतला त्याचा असतो. मामंजींनी तो मरेपर्यंत पाळला. तुम्ही कधी घेतलात? आणि भरतेशला तर कुणी विचारलंसुद्धा नाही."

*

धनाजी अजून त्याच दांड्यापाशी होता. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मंगल जन्मली त्या दिवशी तू मिरजेला होतास."

धनाजीने फडके खाली ठेवले. "व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी कवा इचारलंच न्हाई, अण्णा. पयल्यांदा वाटलं, तात्या सांगत्याल. मग तात्या गेलं. गेलेल्या मानसाचं काय सांगत बसायचं?"

"तरी राहिलास. पंचेचाळीस वर्षं."

"तवा कुटं जानार? सांगलीत लेथच मुळात किती व्हतं? आन तात्यांचा जीव व्हता माज्यावर." धनाजीने मुलांकडे हात केला. "ह्यास्नी तसं न्हाई. ह्यास्नी धा दारं उगडी हायती. मी ऱ्हायलो म्हनून ही ऱ्हात्याल, आसं तुमी धरून चाललाय. तिथंच चुकतंय बगा."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते शाफ्टांच्या ओळीपाशी परत आले. पालक चहाच्या कपांसह उभे होते, मुले कुजबुजत होती.

"मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," अण्णा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ते साठ शाफ्ट कोणा कामगाराने बिघडवले नव्हते. माझ्या वडिलांच्या हातून ते झालं आणि त्याची भरपाई म्हणून त्यांनी जन्मभर तो नियम पाळला. मी मात्र मनात धनाजी मिस्त्रीला दोषी धरलं. पंचेचाळीस वर्षं. त्याची मी सर्वांदेखत क्षमा मागतो."

त्यांनी हात जोडले. पर्युषण संपल्यावर घरोघर जाऊन क्षमा मागायची त्यांच्यात रीतच होती. अण्णांनी आजवर ती सगळ्या आप्तांच्या घरी पाळली होती, कारखान्यात कधीच नाही. धनाजीने पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"आवं आण्णा, पोरांपुढं कशाला."

"पोरांपुढंच. धनाजी, एक नंबरवर ये. आजचा पहिला शेवटचा कट तुझा."

धनाजी हसला. "मला नगं. मला येतंय का न्हाई, ते मला ठावं हाय. ज्येची आई बगायला आलीया, त्येला द्या."

"अण्णा, एक मिनिट," अतिशय पुढे आला. "भावनेच्या भरात नको. गिऱ्हाइकाला काय सांगणार? घराचा हात हीच आपली ओळख आहे."

आणि भरतेश, ज्याने शुक्रवारी या धाकट्या भावाला होकार दिला होता, तो मध्ये आला.

"ओळख शाफ्टची आहे, अतिशय. माझ्या कंबरेची नाही." त्याने एक नंबरच्या लेथवरून स्वतःचा ॲप्रन उचलला. "विश्वजित, ये इकडं. उभा राहा."

विश्वजितने आधी धनाजीकडे पाहिले, मग अण्णांकडे. कोणीच मान हलवून नकार दिला नाही. तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

त्याने शाफ्ट चढवला, फिरवून पाहिला, टूल लावले आणि माप घेतले. घाई केली नाही. लेथ सुरू झाला. पोलादाचा पातळ निळसर कीस टूलावरून अखंड उतरू लागला आणि त्याच्या मागे चकचकीत पट्टा हळूहळू लांबत गेला. भरतेश हात पाठीमागे बांधून पाहत होता. वीस वर्षे त्याने हे फक्त वरून, वाकून पाहिले होते. बाजूने ते इतके देखणे दिसते, हे त्याला ठाऊक नव्हते.

यंत्र थांबले. विश्वजितही थांबला. त्याने मायक्रोमीटरला हात लावला नाही.

"आता काय बिगाडलं?" बनुबाईंनी विचारले.

"गार व्हाया लागतंय, आजी," प्रांजल म्हणाली. "तवर च्या घे."

पंधरा मिनिटे कोणी जागचे हलले नाही. मग अण्णांनी स्वतः मायक्रोमीटर घेतला. मर्यादा होती पन्नास मिलिमीटरपासून खाली तीन शतांश. त्यांनी एका टोकाला माप घेतले, मध्ये घेतले, दुसऱ्या टोकाला घेतले. शाफ्ट पाव फेरा फिरवून तिन्ही मापे पुन्हा घेतली. मग मायक्रोमीटर भरतेशच्या हातात दिला. भरतेशने मापून तो अतिशयला दिला. अतिशयने एकदा मापले, भुवया उंचावून दुसऱ्यांदा मापले.

"एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश," तो म्हणाला. "सगळीकडे."

"म्हंजे काय?" धोंडुबाईंचा धीर सुटला होता. "पास का नापास?"

"पास," अण्णा म्हणाले. "मी घेतला असता तर असाच झाला असता." मग त्यांनी शाफ्टवर नख फिरवून पाहिले. "नाही. इतका गुळगुळीत नसता झाला."

धनाजी मिस्त्री खाली पाहत मिशीतल्या मिशीत हसला. त्याने शिकवलेला हात होता तो.

"उद्यापासून," अण्णा मुलांकडे वळले, "ज्याने शाफ्ट हातात धरला, त्यानेच तो पुरा करायचा. कोणाचा हात तयार झाला, हे धनाजी मिस्त्री ठरवतील. घरचे आम्ही फक्त मापायला येऊ, आणि तेही तुम्ही बोलावल्यावर. उद्या तुमच्यापैकी इथं कोण असेल, ते मला माहीत नाही. जे जातील त्यांनाही, यांना शेवटचा कट येतो, असं मी माझ्या सहीनं लिहून देईन. त्यासाठी इथं राहायची अट नाही."

प्रांजल आजीला म्हणाली, "ऐकलंस? आता पावडर बी आपुनच लावायची." आणि ती तीन नंबरच्या लेथकडे निघालीच.

अतिशयने फोन खिशात टाकला. "दादा, उद्याच्या सहीचं..." त्याने सुरुवात केली.

"उद्याचं उद्या," भरतेश म्हणाला. एक नंबरच्या लेथवर त्याला आता काही काम नव्हते. तो पालकांचे रिकामे कप गोळा करू लागला.

आप्पासो मुलाच्या शाफ्टला दोन्ही हात लावून उभे होते. धोंडुबाईंनी मात्र जीपकडे, मग उन्हाकडे पाहिले आणि विश्वजितला विचारले, "मग रं, चाकनची गाडी कितीची हाय उद्या? जेवान बांधून द्यायचं का न्हाई?"

विश्वजितने ते ऐकले की नाही, कळले नाही. त्याने दुसरा शाफ्ट चढवून आवळला होता. टूल टेकवताना तो वर न पाहता म्हणाला,

"आये, मागं सर. कीस उडतूया."

धोंडुबाई दोन पावले मागे सरल्या. क्षणभर त्या त्याच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग वळल्या आणि दोन्ही हात पसरून आप्पासोंना, बनुबाईंना, अतिशयला, खुद्द अण्णांनाही पिवळ्या रेघेच्या बाहेर हटवू लागल्या.

"सरा, सरा मागं समदी. काम चाललंय पोराचं."